चक्कर येते म्हणजे नेमके काय होते?

गोव्यातल्या माशेलच्या मावशीने पहाटे कूस बदलली आणि वरचे मंगळुरी कौलांचे छप्पर गरगर फिरू लागले. तिने दोन्ही हातांनी खाटेची कड धरली, डोळे गच्च मिटले आणि हाक मारली, "घुंवळ येता रे!" मी आत पोचेपर्यंत छप्पर थांबले होते. मावशी मात्र घामाने निथळत होती आणि पोटात ढवळतेय म्हणत होती. पुढच्या तासाभरात घरात तीन निदाने झाली. वहिनी म्हणाली पित्त. शेजारच्या काकांच्या मते प्रेशर. मोठ्या मामीने काही न बोलता मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. चौथे निदान दोन दिवसांनी एका डॉक्टरांनी केले. मानेचा एक्स-रे काढला, "मणक्यात गॅप आहे" म्हणाले, गळ्यात पट्टा आणि रोज तीन गोळ्या.

पट्टा आठ महिने राहिला. चक्करही राहिली.

शेवटी एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी एक्स-रेचे पाकीट उघडलेही नाही. एवढेच विचारले: फिरते ते काय, तुम्ही की घर? किती वेळ? काय केल्यावर सुरू होते? मावशी म्हणाली, घर फिरते, अर्धा-पाऊण मिनिट, डाव्या कुशीवर वळले की. डॉक्टरांनी तिला टेबलावर एका ठरावीक पद्धतीने आडवे केले, मान वळवली, पुन्हा वळवली आणि बसवले. दहा मिनिटांत काम झाले. बाहेर आल्यावर मावशी पहिल्यांदा म्हणाली ते असे, "म्हणजे आठ महिने मी उगाच घोड्यासारखा पट्टा घालून फिरले?"

तेव्हापासून मला वाटते, की चक्कर बरी न होण्यामागे अर्धा दोष 'चक्कर' या शब्दाचा आहे. भोवळ, घेरी, अंधारी, झोक जाणे, डोके हलके होणे, गरगरणे... आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नाही. पण दवाखान्याची पायरी चढलो की सगळ्यांची मिळून एकच 'चक्कर' होते, आणि डॉक्टर घाईत असतील तर त्या एका शब्दावर एक चिठ्ठी लिहून मिळते. चक्कर हा आजार नाही. ताप जसा कशाचाही असू शकतो, तशीच चक्करही. ती कान, हृदय, रक्त, साखर, औषधे, नसा, मन किंवा मेंदू यांपैकी कुठूनही येते, आणि कुठून आली ते बहुतेक वेळा रुग्णाच्या वर्णनातूनच कळते.

आधी गरगरणे घेऊ. घर फिरते, जमीन कलते, आपण झोपाळ्यावर बसल्यासारखे वाटते, तो हा प्रकार. तो समजायला चवथीच्या फुगड्या आठवा. दोघी हात धरून गरागरा फिरतात, मग थांबतात, आणि थांबल्यावरही गणपतीवर टांगलेली माटोळी फिरतच राहते. असे का होते? आपल्या प्रत्येक कानाच्या आत, कवटीच्या हाडात, अर्धवर्तुळाकार तीन बारीक नळ्या असतात. एकमेकींशी काटकोनात, खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळतात तशा. नळ्यांमध्ये पाणी असते. डोके फिरले की नळी लगेच फिरते, पण आतले पाणी मागे रेंगाळते, आणि त्या फरकावरून मेंदूला कळते की डोके कुठल्या बाजूला चालले आहे. फुगडी बराच वेळ चालली की पाणीही नळीबरोबर फिरू लागते. मग आपण थांबतो, नळी थांबते, पाणी थांबत नाही. कान सांगतो 'फिरतोय', पाय सांगतात 'उभे आहोत', आणि या भांडणात डोळे गरगरतात. कदंबच्या बसमध्ये खिडकीबाहेर न बघता मोबाइल वाचला की अनमोडच्या घाटात मळमळते, तेही असेच भांडण. कान म्हणतो वळण, डोळे म्हणतात सगळे स्थिर.

नळ्यांच्या मुळाशी दोन छोट्या पिशव्या असतात. त्यांत चिकट थरावर चुन्याचे सूक्ष्म कण बसवलेले असतात. चुन्याचे म्हणजे खरेच चुन्याचे: कॅल्शियम कार्बोनेट. तिसऱ्यांच्या शिंपल्या ज्याच्या बनतात, तेच. हे कण जड असल्यामुळे वर कुठे, खाली कुठे हे आपल्याला कळते. वय वाढले, डोक्याला मार लागला, किंवा कधी काहीच कारण नसताना, यातले काही कण सुटतात आणि नळीत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नळीत. मग कूस बदलली, वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली, केस धुवायला वाकले, की कण घरंगळतात, पाणी ढवळते आणि मेंदूला वाटते डोके भन्नाट फिरतेय. कण तळाला बसले की थांबते. म्हणून हा झटका एका मिनिटाच्या आतच संपतो. मावशीचे हेच होते. गरगरण्याचे हे सर्वांत जास्त आढळणारे कारण. भयंकर वाटते, पण जिवाला धोका नसतो. धोका असतो तो पडण्याचा.

इलाजही तितकाच साधा आहे. अमेरिकेतल्या जॉन एप्ली नावाच्या डॉक्टरांनी १९८० च्या सुमारास तो दाखवून दिला आणि बरीच वर्षे त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. कण नळीत गेले आहेत ना, मग डोके असे वळवा की ते आले त्या वाटेने परत जातील. रुग्ण बसलेला, तोंड दुखऱ्या बाजूला निम्मे वळवलेले. तसेच पटकन मागे आडवे करून डोके टेबलाच्या कडेखाली किंचित लोंबकळू द्यायचे. चक्कर येते, येऊ द्यायची. डॉक्टर तेव्हा मान बघत नाहीत, डोळे बघतात, कारण बुबुळे एका ठरावीक दिशेला झटके देत फिरतात आणि त्यावरून कुठल्या कानाची कुठली नळी हे कळते. थांबली की मान हळूच दुसऱ्या बाजूला, मग अंगासकट त्या कुशीवर, नाक जमिनीकडे, आणि मग उठवून बसवायचे. बहुतेकांना एक-दोन खेपांत आराम पडतो. व्हिडिओ बघून घरी करायचा मोह होतो, पण पहिल्या वेळी तरी कान कुठला आणि नळी कुठली हे तज्ज्ञांनी ठरवू द्यावे. चुकीच्या बाजूला केले तर फरक पडत नाही आणि उगाच 'इलाज चालत नाही' असा समज होतो. मानेचा किंवा मानेच्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर आधी सांगावे.

डोळे बघण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. व्हिएन्नाचे रॉबर्ट बारानी रुग्णांचे कान पाण्याने धुवत. काहींना गरगरायचे. एक रुग्ण म्हणाला, पाणी थंड असले की मला चक्कर येते. बारानींनी पुढच्या वेळी पाणी गरम घेतले, तर बुबुळे उलट दिशेने फिरू लागली. गरम पाणी वर चढते, थंड खाली बसते, तेच कानातल्या नळीत होत होते. या शोधाला १९१४ सालचे नोबेल मिळाले, आणि बातमी पोचली तेव्हा बारानी रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होते. कान गार पाण्याने धुवून घेताना गरगरले तर घाबरू नका, एवढाच आपल्यापुरता अर्थ.

सगळेच गरगरणे मात्र मिनिटात संपत नाही. सर्दी-तापानंतर कधी कानाच्या तोल सांभाळणाऱ्या नसेला सूज येते. मग दिवसचे दिवस सलग फिरते, उलट्या होतात, ऐकू मात्र नीट येते. पाऊण तास, दोन तास, चार तास चालणारे झटके, सोबत एका कानात दडा, गुंईऽऽ आवाज आणि कमी ऐकू येणे, असे असेल तर मेनिएरचा आजार असू शकतो. अर्धशिशीवाल्यांना डोके न दुखताही तासन् तास चक्कर येऊ शकते. ही निदाने तज्ज्ञांवर सोडावीत. आपण फक्त वेळ मोजून सांगावी.

आणि मान? पन्नाशीनंतर मानेचा एक्स-रे काढला तर बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसतेच, जशी डोक्यावर पांढरे केस दिसतात. ती दिसली म्हणून चक्कर तिच्यामुळेच, हे गणित चुकीचे आहे. नुसत्या मणक्याच्या झिजेमुळे घर गरगरणे दुर्मीळ. पट्टा घालून मान आखडते तेवढी. गोळ्यांचेही तसेच. प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनारिझिन उलट्या-गरगर थांबवायला चार दिवस ठीक. पण महिनोन् महिने घेतल्या तर मेंदू तोल पुन्हा शिकत नाही, आणि वयस्कर माणसांत हात थरथरणे, चाल मंदावणे असा कंपवातासारखा त्रास सुरू होऊ शकतो. मावशीच्या हातांची थरथर गोळ्या बंद झाल्यावर गेली. आम्ही ती वयाची समजत होतो.

आता दुसरा प्रकार: अंधारी. इथे घर फिरत नाही. डोळ्यांपुढे काळे-पांढरे होते, कानात सूं होते, अंग गार पडते आणि आता कोसळणार असे वाटते. म्हणजे मेंदूकडे क्षणभर रक्त कमी पडले. आपण उभे राहिलो की निदान अर्धा लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरते. शरीर लगेच रक्तवाहिन्या आवळून, हृदयाचे ठोके वाढवून ते सावरते. मे महिन्यात अंगातले पाणी घामाने गेलेले असेल, जुलाब झालेले असतील, किंवा रक्तदाबाच्या, लघवी साफ होण्याच्या, प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील, तर ही सावरासावर उशिरा होते. हुर्राकच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या, दिवसांत दुपारच्या उन्हात दोन पेले घेऊन उठलेला माणूस का कोलमडतो, तेही यातच आले. दारू रक्तवाहिन्या सैल करते आणि लघवीवाटे पाणीही घालवते.

याची तपासणी घरीही होते. पाच मिनिटे आडवे पडून रक्तदाब मोजायचा, मग उभे राहून तीन मिनिटांच्या आत पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर कारण सापडले. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा; गोळी स्वतःच बंद करू नका. दरम्यान पहाटे उठताना आधी खाटेवर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. सकाळची मीठ घातलेली पेज ही आपल्या आज्यांची जुनी सोय या बाबतीत सलाईनच्या बाटलीहून फार वेगळी नाही, फक्त हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मीठ-पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच.

जत्रेत, पालखीच्या गर्दीत, तासभर एका जागी उभे राहून कुणी कोसळला की चौघे त्याला काखेत धरून उभे करतात किंवा खुर्चीत बसवतात. नेमके तेच करू नये. जमीन ही त्याची सर्वांत चांगली जागा आहे. आडवे निजवा, पाय फूटभर वर उचला, गर्दी हटवा. रक्त मेंदूकडे येते आणि बहुतेक जण मिनिटाभरात डोळे उघडतात. शुद्ध नसताना तोंडात पाणी ओतायचे नाही, ते श्वासनळीत जाते. कांदा हुंगवायचाच असेल तर हुंगवा. अपाय नाही, उपयोगही नाही.

सगळ्याच अंधाऱ्या निरुपद्रवी नसतात, हेही इथेच सांगतो. पळताना, जिना चढताना किंवा चक्क आडवे असताना शुद्ध हरपली, छातीत दुखले, धडधड होऊन मग पडला, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेले असेल, तर हृदयाची तपासणी त्याच दिवशी. अंधारीबरोबर डांबरासारखे काळे शौच होत असेल तर आत रक्तस्राव असू शकतो (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, ते आठवून सांगा). आणि पाळी चुकलेल्या बाईला ओटीपोटात दुखून घेरी आली तर क्षणभरही थांबू नये. गर्भ नळीत राहून नळी फुटलेली असू शकते.

मधुमेहींचे वेगळेच. तयेच्या (हरतालिकेच्या) उपासाला इन्सुलिन किंवा साखरेची गोळी नेहमीसारखी घेतली आणि पोटात काही नाही, की दुपारपर्यंत हात थरथरतात, दरदरून घाम येतो, बोलणे तुटक होते. यंत्र असेल तर बघा. ७० च्या खाली असेल, किंवा यंत्रच नसेल, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग पोटभर खाऊ घाला. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही नाही, थेट १०८. काही गोळ्यांचा अंमल दिवसभर राहतो, त्यामुळे एकदा सावरलेली साखर पुन्हा उतरू शकते.

तिसरा प्रकार डोक्यात नसतोच, पायांत असतो. "चक्कर येते" म्हणणारे आजोबा बसले की ठणठणीत असतात. चालताना मात्र झोक जातो, अंधारात जास्त. त्यांना एक प्रश्न विचारा: तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? हो म्हणाले तर तळपायांच्या नसा जमिनीची खबर मेंदूला देत नाहीत आणि इतके दिवस डोळ्यांनी ती उणीव भरून काढली होती. मधुमेह आणि बी-१२ ची कमतरता ही मोठी कारणे. वर्षानुवर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांचे बी-१२ उतरू शकते. एका रक्ततपासणीचे काम. तोवर न्हाणीघरात दांडा बसवा आणि रात्री दिवा चालू ठेवा. काळजीने भराभर श्वास घेतला की डोके हलके होते, ओठांभोवती मुंग्या येतात, तो चौथा प्रकार. खराच असतो, नाटक नव्हे.

आता ज्या भीतीने माणूस खरे तर हा लेख उघडतो, ती. मेंदूचा झटका. आपल्याकडे पक्की समजूत आहे की हातपाय हलतात म्हणजे पक्षाघात नाही. पण तोल सांभाळणारा लहान मेंदू डोक्याच्या मागच्या बाजूला असतो, आणि तिथला रक्तपुरवठा बंद पडला तर हातांत जोर शाबूत राहू शकतो, तोंड वाकडे होत नाही. माणूस फक्त गरगरतो, ओकतो आणि उभा राहू शकत नाही. घरचे लिंबूपाणी देतात, "पित्त उतरू दे, मग बघू" म्हणतात आणि तास निघून जातात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि पहाटे जागे होतानाच त्रास असेल तर घड्याळ रात्री झोपलात तेव्हापासून मोजतात.

म्हणून अचानक आलेल्या चक्करेबरोबर यातले एकही दिसले तर थांबायचे नाही: एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, गिळता न येणे, चेहरा किंवा एका बाजूचे हातपाय बधिर किंवा लुळे पडणे, आधाराशिवाय बसता किंवा उभे राहता न येणे, डोक्यात किंवा मानेत कधी नव्हे इतकी जोराची कळ. वय झालेले, रक्तदाब-मधुमेह असलेले माणूस पहिल्यांदाच तासाहून जास्त सलग गरगरत असेल, तर वरचे काही दिसत नसले तरी त्याला त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात न्यावे. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तरी तसेच. त्यावरच्या औषधाचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त.

काणकोणहून किंवा पेडण्याहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) पोचायला बराच वेळ जातो, तेव्हा कुणाची गाडी मिळते का हे शोधत बसण्यापेक्षा १०८ ला फोन करावा आणि 'चक्कर' न म्हणता 'अचानक उभे राहता येत नाही, जीभ जड झाली आहे' असे सांगावे. गोमेकॉत न्यायचे की म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळात, ते त्यांना ठरवू द्यावे. घरची ॲस्पिरिन तोंडात टाकू नये. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे स्कॅनशिवाय कळत नाही. आणि पहिला सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून लगेच घरी पळू नये. मागच्या भागातला ताजा झटका सीटीत पुष्कळदा दिसत नाही. डॉक्टर थांबा म्हणत असतील तर थांबावे.

जोवर कारण कळलेले नाही तोवर स्कूटर दुसऱ्याच्या हातात द्यावी. माडावर चढणाऱ्या पाडेल्याने, होडीवर जाणाऱ्याने तर नक्कीच सुट्टी घ्यावी. बारा-पंधरा मीटर उंचीवर अर्ध्या मिनिटाची चक्करसुद्धा अर्ध्या मिनिटाची राहत नाही.

परवा मावशीचा रात्री दहाला फोन आला. म्हणाली, "सुटला रे परत तो चुन्याचा दाणा. आता उजव्या कुशीवर वळले की. वीस आकडे मोजले, थांबले. बोलणे नीट आहे, दिसते एकच, न्हाणीपर्यंत चालून आले. सोमवारी जाऊ या, उद्या रविवार आहे आणि मासे आणायचे आहेत."

सोमवारी गेलो.